बसून बघावीत

दुसऱ्याच्या चांगुलपणाचा इतका मनापासून तिटकारा असलेला माणूस मी माझ्या साडूंखेरीज दुसरा पाहिलेला नाही. वाईट माणसांशी त्यांचं छान जमायचं. मीटर पळवणारा रिक्षावाला, पिशवीत खालच्या बाजूला मऊ टोमॅटो घालणारा भाजीवाला, बारा महिने आजारी असलेला सरकारी कारकून, यांच्याबद्दल ते समजुतीनं बोलत. ‘त्याला काय हवंय ते त्याला ठाऊक आहे,’ म्हणत. पण एखाद्यानं गळा दाटून ‘आपणही समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे’ असं म्हटलं, की साडूंची मान ताठ होई आणि ते त्याच्याकडे अशा नजरेनं बघू लागत, की आपल्या शर्टावर आमटी सांडली आहे की काय असं वाटून तो गृहस्थ खाली बघे. समईचं प्रज्वलन, हारतुरे, शाल, श्रीफळ आणि ‘यांच्याकडून आपल्यालाच प्रेरणा मिळते’ हे वाक्य, या सगळ्याला त्यांच्याकडे एकच शब्द होता. ‘पाक सुरू झाला,’ असं म्हणून ते चपला शोधू लागत. ऐकायला मजा वाटते. पण नात्यात असा एक माणूस असला की लग्नमुंजीत यजमानांची काय अवस्था होते ते आम्हालाच माहीत.

ते माझ्या पत्नीच्या, नलिनीच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. पिंपरीच्या एका कारखान्यात माल तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. यंत्रावरून आलेला प्रत्येक भाग मापून बघायचा आणि केसभर चूक असली तरी लाल रंगाचा ठिपका देऊन तो बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. देवानं माणसाला काम आणि कामाला माणूस इतका नेमका क्वचितच दिला असेल. पुढे देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आला, कारखान्याला एवढी माणसं नकोशी झाली आणि साडूंना पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावण्यात आली. निरोपसमारंभात साहेबांनी ‘आमच्या कुटुंबातला एक सदस्य’ असं म्हणताच साडू पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. त्यांची शाल दुसऱ्या दिवशी शिपायानं घरी आणून दिली. पुढे बरीच वर्षं ती त्यांच्या स्कूटरला ऊन लागू नये म्हणून सीटवर पसरलेली असे.

या तिटकाऱ्याला एक कारण होतं आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या खात्यात प्रेसवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याची उजव्या हाताची चार बोटं यंत्रात गेली. तो माणूस घरी बसून, तळव्याला ब्रश बांधून चित्रं काढायला लागला. कारखान्याच्या वर्धापनदिनी ती चित्रं कँटीनमध्ये लावली. मोठमोठे लोक आले, प्रत्येकानं त्याचा तो हात हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, डोळे पुसले आणि जेवायला गेले. ‘भिंतीकडे एकानंही बघितलं नाही, ग्रंथपाल,’ साडू म्हणाले. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली म्हणून ते मला ग्रंथपाल म्हणतात. त्यात आदर किती आणि कीव किती हे मी कधी विचारलं नाही. ‘त्या माणसानं नंतर ब्रश उचलला नाही. बोटं गेली तेव्हा उचलला होता.’

सहकारनगरातल्या त्यांच्या छोट्या बंगल्याला एक गॅरेज होतं. मोटार येईल या आशेनं बांधलेलं आणि मोटार कधीच न आलेलं. साडूंनी त्यातले जुने पेपर, पाळणा आणि गव्हाची कोठी बाहेर काढली, भिंतींना पांढरा चुना दिला आणि तिथे कलादालन सुरू केलं. चित्रं फक्त अपंग चित्रकारांची. ‘बाकीच्यांना जिने आहेत, त्यांनी चढावं,’ एवढंच त्यांचं त्यावर स्पष्टीकरण. गॅरेजचा उंबरा फूटभर उंच होता. एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार हवा, हा नियम त्यांनी कुठल्याशा पुस्तकातून माझ्याचकडून काढून घेतला होता, आणि बारा फूट सरळ जागा नसल्यामुळे तो उतार वळसा घेऊन ताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, जास्वंदीतून गेला. ताईंनी त्याबद्दल त्यांना अजून क्षमा केलेली नाही. देवाला फुलं कुठून आणायची, असं त्या मला दरवेळी विचारतात, जणू नियम मी केला होता.

त्या उतारापासून त्यांना एक सवय जडली. बेअरिंगमधली एक पोलादी गोळी ते कायम विजारीच्या खिशात बाळगत आणि शहरात कुठेही उतार दिसला की त्यावर ती सोडत. गोळी रमतगमत खाली आली तर उतार पास. सुसाट आली तर मोठ्यानं म्हणत, ‘घसरगुंडी.’ बँकांमध्ये, दवाखान्यांत, नाट्यगृहांत त्यांनी अशा अनेक घसरगुंड्या जाहीर केल्या. माझ्या पुतणीच्या लग्नात कार्यालयाच्या दारातल्या उतारावरून सुटलेली गोळी थेट वरमाईच्या पायापाशी जाऊन थांबली. वरमाईंनी ती उचलून, मानपानातली वस्तू असावी अशा समजुतीनं पर्समध्ये टाकली. साडू तिच्यामागे पंगतीपर्यंत गेले आणि परत घेऊन आले.

शहरातलं या प्रकारचं एकही प्रदर्शन ते चुकवत नसत, आणि एकाही प्रदर्शनातून सुखानं परतत नसत. हिंजवडीत तेव्हा नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिथल्या एका संगणक कंपनीनं असं प्रदर्शन भरवलं आणि साडूंनी मला सोबत नेलं. दाराशी गालिचा घातलेला उतार होता. गोळी त्यावर नीट चालली. साडू थोडे निराश झाले. पण आत गेल्यावर दालनाच्या तोंडाशीच एक पायरी होती, आणि त्या पायरीवरून चाकाच्या खुर्चीतल्या एका चित्रकार बाईंना चार रखवालदार खुर्चीसकट उचलून घेत होते. उचलून झाल्यावर त्यांनी बाईंना पुन्हा खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं, कारण पहिल्या वेळी फ्लॅश उडाला नव्हता. अंध प्रेक्षकांसाठी ब्रेल लिपीतल्या चिठ्ठ्याही होत्या. त्या चित्रांबरोबर काचेच्या आत बसवल्या होत्या. साडूंनी डोळे मिटले आणि काचेवरून बोट फिरवायला सुरुवात केली.

“सर, प्लीज ग्लासला हात नका लावू,” कंपनीचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी धावत आली.

“मग ही अक्षरं जिभेनं वाचायची का?”

मुलगी भली होती. तिनं विषय बदलला. “सर, हे सगळं पेंटिंग त्यांनी माउथनं केलंय. इतकं इन्स्पायरिंग आहे ना?”

“काय आहे त्या चित्रात?” साडूंनी विचारलं. चित्र तिच्या पाठीमागे होतं.

“फ्लॉवर्स?”

“कोंबड्या आहेत.”

तिनं वळून पाहिलं. सात कोंबड्या होत्या, आणि एक तर सरळ तिच्याकडेच बघत होती. सकाळपासून ती मुलगी त्या चित्रासमोर उभी राहून लोकांना माहिती देत होती. साडू मग त्या खुर्चीतल्या बाईंजवळ गेले. ‘तुम्हाला इथून तुमचं चित्र दिसतंय का?’ असं त्यांनी विचारलं. बाई हसून म्हणाल्या, ‘नाही हो. पण मला पाठ आहे.’

 घरी पोचल्यावर त्यांनी जेवणघरातली खुर्ची गॅरेजात नेली, तीवर बसले, आपल्या डोळ्यांची उंची मापली आणि भिंतीवरची सगळी चित्रं खाली आणली. तेव्हापासून त्यांच्याकडे उभ्या माणसाला चित्र दिसायचं म्हणजे कंबर मोडून वाकावं लागे. त्यासाठी त्यांनी डझनभर स्टुलं ठेवली आणि दारावर पाटी लावली: ‘आत चित्रे आहेत. बसून बघावीत.’ एक निवृत्त अधिकारी दारातच अडले. म्हणाले, ‘मी आयुष्यात कुणापुढे वाकलो नाही.’ साडू म्हणाले, ‘म्हणूनच बसा म्हणतोय.’ चित्राखालच्या चिठ्ठीवर चित्राचं नाव आणि चित्रकाराचं नाव, याखेरीज काही नसे. मग लोक चित्र सोडून साडूंनाच विचारत, हे कशानं काढलंय हो, पायानं की तोंडानं? साडूंचं उत्तर ठरलेलं. ‘बघून.’ लोकांना वाटे यांना ऐकू कमी येतं.

आणि आलेली चित्रं ते नाकारत. हे तर कुणालाच सहन होत नसे. ज्याला हात नाहीत त्याला नाही म्हणणारा माणूस पुण्यानं पाहिला नव्हता. साडू चित्राच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, कारखान्यातल्यासारखा लाल ठिपका देत आणि सोबत कारणाची चिठ्ठी. त्यांच्या लेखी जगात चित्रं दोनच प्रकारची होती, बघून काढलेली आणि न बघता काढलेली.

हे सगळं मी लांबून, गंमत म्हणून बघत होतो, तोवर ठीक होतं.

नलिनी शाळेत भूगोल शिकवायची. खडू न उचलता एका रेषेत भारताचा नकाशा काढायची, कच्छच्या आखातापासून निघून परत कच्छच्या आखातात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं दोन महिन्यांत परतलं, हात-पाय नाही. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीनं डाव्या हाताला वळण लागावं म्हणून रंगपेटी आणून दिली. नलिनीनं एक फुलदाणी काढली. मग काय विचारता. शेजारी आले, शाळेतल्या बाई आल्या, माझे जुने सहकारी आले. ‘डाव्या हातानं? कमाल आहे.’ ‘आम्हाला उजव्यानं जमत नाही हो.’ कुणीतरी ते चित्र छातीशी धरून रडलं. मी सगळ्यांत जास्त कौतुक केलं. फ्रेम करून आणली आणि हॉलमध्ये लावली. नलिनी प्रत्येकाला ‘थँक यू’ म्हणायची आणि लोक गेले की भिंतीकडे पाठ करून बसायची. दमली असेल, असं मला वाटायचं.

मग ताई आणि साडू आले. साडू बराच वेळ फुलदाणीसमोर उभे राहिले.

“नलू, ही फुलं कुठली?”

“मनातली, भावोजी.”

“मनात फुलं नसतात. कॅलेंडरं असतात. वाईट आहे.”

ताईंच्या हातातला चमचा बशीत पडला. “अहो, काहीतरीच काय बोलता? तिची तब्येत बघा जरा.”

“मी तब्येत टांगत नाही. चित्र टांगतो,” म्हणत त्यांनी फ्रेम उलटी केली आणि खिशातल्या पेन्सिलीनं मागे लाल ठिपका दिला.

ते गेल्यावर नलिनी रडली. त्या दिवसापासून त्या माणसाशी संबंध तोडायचे असं मी ठरवलं आणि तसं चार पानी पत्रही लिहिलं. पत्रातली भाषा चांगली उतरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टात टाकायला निघालो, तर नलिनी म्हणाली, “अहो, ते राहू द्या. येताना कागद आणा, मोठे. आजारी पडल्यापासून माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं.”

त्यानंतर त्यांच्या भिंतीवर आपलं चित्र लागलं पाहिजे, हा एकच ध्यास तिनं घेतला. मी रिक्षा आणायचो, रिक्षावाला तिची चाकाची खुर्ची मागे दोरीनं बांधायचा, आणि आम्ही महिन्या-दीड महिन्यानं एक चित्र मांडीवर घेऊन सहकारनगरला जायचो. साडू उतारावर उभे असत. पण खुर्ची ढकलायला पुढे होत नसत. उतार बरोबर असेल तर तिची ती येईल, असं त्यांचं म्हणणं. आणि ती एका हातानं चाक फिरवत, वळसा घेत, दहा मिनिटं लावून खरंच वर जायची. मी मागे हात चोळत. मग चित्र बघितलं जाई आणि चिठ्ठी मिळे. ‘पेला हवेत आहे.’ ‘कंटाळा आल्यावरही काढत राहिलीस.’ ‘ग्रंथपालांचा चेहरा. माणूस इतका चांगला नाही.’ या चिठ्ठ्या नलिनीनं फ्रिजवर चुंबकानं लावल्या होत्या. घरी येणारे लोक वाचून अस्वस्थ होत.

नाकारलेली चित्रं कधी लगेच परत न्यायची राहिली, की ती गॅरेजच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी असत. एकदा कोरेगाव पार्कातून आलेल्या, कलेतलं कळणाऱ्या एका बाईंनी त्या मागच्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं. मोठ्या कलादालनांत चित्र विकलं गेलं की लाल ठिपका लावतात. ‘तुमची सगळीच्या सगळी गेली? अभिनंदन!’ असं म्हणून त्यांनी नलिनीचा हात हातात घेतला. झटका आल्यापासून नलिनी इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. साडूंकडे बघून ती म्हणाली, “भावोजी, ऐकलंत का? कळणाऱ्यांना कळतं.”

साडूंना गप्प बसलेलं मी दोनदाच पाहिलं. पहिली वेळ त्याच दिवशी आली. बाई गेल्यावर नलिनी भिंतीभोवती खुर्ची फिरवत एकेक चित्र बघत होती. मध्येच थांबली.

“भावोजी, तुम्ही हे माप कसं घेतलंत?”

“खुर्चीत बसून.”

“कुठल्या खुर्चीत?”

“जेवणाच्या.”

“तुम्ही ताठ बसणारे आणि उंच. आणि तुमच्या खुर्चीला पाठ सरळ. आम्ही अशा बसतो.” तिची उजवी बाजू कलायची, खांदा खाली यायचा. “तुमची सगळी चित्रं चार बोटं वर आहेत. वर्षभर मी तुमच्या चित्रांच्या हनुवट्या बघतेय.”

कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्याची केसभर चूक धरलेला माणूस चार बोटांनी चुकला होता. साडू आत गेले. पेन्सिल आणि पाणसळ घेऊन आले, नलिनीसमोर भिंतीला टेकून गुडघ्यांवर बसले आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत एक खूण केली. मग त्या खुणेपासून निघून गॅरेजच्या चारही भिंतींवर एक रेघ काढली. सगळे खिळे उपटले, पुन्हा ठोकले. त्या दिवशी आणलेलं नलिनीचं चित्र मात्र त्यांनी नाकारलंच. आठवं होतं ते.

आमचं घर मंडईपासून जवळ. झटका येण्याआधी भाजी नलिनीच आणायची. वांगं कसं निवडावं यावर ती तासभर बोलू शकली असती. आता तिनं पुन्हा जायचा हट्ट धरला. मी गर्दीतून, ओल्या फरशांवरून खुर्ची ढकलत न्यायचो आणि मनात लाजत असायचो. भाजीवाले तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे. ‘मावशींना काय द्यायचं, काका?’ ‘मावशींना विचार की,’ खालून आवाज यायचा. त्या थंडीत तिनं एक मोठं चित्र सुरू केलं. रोज थोडं थोडं करत दोन महिने ते चाललं. मंडई होती, पण त्यात माणसांची तोंडं नव्हती. कागद हातांनी आणि पिशव्यांनी भरलेला होता. कोथिंबिरीची जुडी धरलेला हात, तागडीची दोरी, सदऱ्याची खालची बटणं, कमरेला खोचलेला पदर, घामेजलेली मूठ.

“तोंडं राहिली का?” मी विचारलं.

“राहू देत,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “अहो, हे भावोजींना दाखवायचं नाही.”

“का?”

“बाकीच्यांना ते नाही म्हणाले तेव्हा मला राग यायचा. याला नाही म्हणाले तर वाईट वाटेल.”

ते चित्र पूर्ण झालं नाही असंच मी समजलो आणि गुंडाळी करून कपाटावर ठेवलं. मार्च महिन्यात तिला दुसरा झटका आला. या वेळी काही परतलं नाही.

महिन्याभरानं साडूंचं वार्षिक प्रदर्शन होतं. मी हॉलमधली फुलदाणी काढली, पुसली आणि रिक्षात घालून एकटाच सहकारनगरला गेलो. इतक्या दिवसांनंतर, अशा वेळी, हा माणूस नाही म्हणणार नाही, याची मला खात्री होती. साडूंनी फ्रेम उलटी केली. मागे त्यांचाच लाल ठिपका होता.

“हे नाही, ग्रंथपाल.”

“ती आता नाही,” मी म्हणालो. “एवढं तरी.”

“आता लावलं तर ती असताना मी जे बोललो ते सगळं खोटं होतं. आठ वेळा आली ती माझ्याकडे. आठही वेळा मी तिला खोटं सांगितलं असं होईल.”

मी फ्रेम तिथेच टाकून निघून आलो. वाटेत त्यांच्याबद्दल जे जे मनात आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रेसवरच्या त्या माणसाचा हात बघून रडणारे लोक परवडले, असंही वाटलं. निदान त्यांनी हात तरी हातात घेतला. आमच्या घरातली भिंत आता रिकामी आणि फ्रिज चिठ्ठ्यांनी भरलेला, हेही तेव्हाच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. साडू होते. एका हातात फुलदाणी, दुसऱ्या हातात मोजपट्टी.

“सगळी दाखवा,” ते म्हणाले.

“सगळी तुम्ही बघितलीत.”

“शेवटचं चित्र थंडीच्या आधी आणलं होतं तिनं. थंडीभर ती गप्प बसली असेल असं मला वाटत नाही.”

कपाटाकडे न बघण्याचा मी प्रयत्न केला. तिनं स्पष्ट सांगितलं होतं. मृत माणसाचा शब्द मोडणं म्हणजे काय, हे पुस्तकांत मी पुष्कळ वाचलं होतं. पण समोर उभ्या असलेल्या, नलिनीवर कधी दया न केलेल्या त्या एकमेव माणसाला नाही कसं म्हणायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी स्टुलावर चढलो आणि गुंडाळी खाली काढली. टेबलावर उलगडून भिंतीला टेकवली.

साडू उभ्यानं क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तिची चाकाची खुर्ची अजून हॉलच्या कोपऱ्यात होती. ती ओढून ते तीत बसले. ताठ बसायची त्यांची सवय. पण त्यांनी उजवा खांदा खाली सोडला.  खाली भाजीची गाडी येऊन ओरडून गेली.

“याच्यामागे ठिपका नाही,” ते अखेर म्हणाले.

“तुम्हाला दाखवलं नव्हतं.”

“का?”

मी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. साडूंना गप्प बसलेलं मी पाहिलं ती ही दुसरी वेळ. मग ते उठले. “ग्रंथपाल, तुम्ही बसा.”

“ती काढत होती तेव्हा मी रोज बघितलंय ते.”

“बसून बघा.”

ती खुर्ची मी दोन वर्षं ढकलली होती. तीत कधी बसलो नव्हतो. बसलो. चित्र डोळ्यांसमोर आलं, आणि त्याच्याभोवती माझंच घर, जे मला ओळखू येईना. कपाटाच्या मुठी, टेबलाची खालची बाजू, दाराची कडी. आणि माझ्याशेजारी उभे असलेले साडू: सदऱ्याचं शेवटचं बटण तुटलेलं, आणि एक हात, ज्यातली मोजपट्टी थोडी बाहेर येत होती, आत जात होती, बाहेर येत होती. त्यांचा चेहरा तेव्हा कसा होता मला माहीत नाही. तिथून तो दिसत नव्हता.

‘मंडई’ त्या वर्षीच्या प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर, रेघेवर लागलं. चिठ्ठीवर दोनच ओळी. चित्राचं नाव आणि नलिनीचं नाव. पहिल्या दिवशी हिंजवडीत नोकरी करणारं एक तरुण जोडपं आलं, स्टुलावर बसलं, बराच वेळ बसलं. मग त्यातला मुलगा मागे वळून म्हणाला, “काका, हे अमेझिंग आहे. कशानं काढलंय हे?” साडू कोपऱ्यात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते आपल्या चपलांचे बंद नीट करू लागले.

“बघून,” मी म्हणालो.

या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. साडू थकले आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गोळी सोडली की ती वाकून उचलायला त्यांना वेळ लागतो, पण तिटकारा शाबूत आहे. गेल्या दिवाळीत गॅरेजला नवा चुना दिला. जुनी रेघ त्याखाली गेली असेल म्हणून मी मुद्दाम बघायला गेलो, तर ती होती त्याच उंचीवर, ताजी, पेन्सिलीनं काढलेली. मी काही विचारलं नव्हतं. तरी साडू तुटकपणे म्हणाले, “माप बरोबर होतं. बदलायचं कशाला?” ताई म्हणाल्या, चुना देणाऱ्याला त्यांनी रेघेच्या वर-खाली आधी खिळे ठोकून खुणा करून ठेवायला लावल्या होत्या आणि दिवसभर त्याच्या मागे उभे होते.

आता हा लेख लिहून झालाय आणि तो त्यांना दाखवावा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. गेले आठ दिवस तो कपाटावर आहे. ते नाही म्हणाले तर राग येणार नाही, हे आता मला कळतं. पण दाखवलाच, तर ते पानं उलटी करून मागे बघतील, मग सुलट करतील आणि एवढंच विचारतील, बघून लिहिलंय का? त्यावर माझ्याकडे एकच प्रामाणिक उत्तर आहे. बघूनच लिहिलंय; फक्त त्यातलं बरंचसं उभ्यानं बघितलेलं आहे.